फाटकावर मी उभा राहणार नाही

सैन्यातून परतलेल्या माणसाला गावात पहिला प्रश्न विचारतात तो प्रकृतीचा नसतो. "खंय लागलंस?" म्हणजे कुठे नोकरीला लागलास, असा तो असतो, आणि विचारणाऱ्याजवळ त्याचे उत्तरही तयार असते. आमच्या इब्रामपूरच्या बाजूला माझ्याआधी जे जे सैन्यातून परतले ते सगळे कुठल्या ना कुठल्या फाटकावर उभे होते. एक किनाऱ्यावरच्या हॉटेलच्या, एक डिचोलीकडच्या खाणीच्या, एक औषधांच्या गोदामाच्या. मोपाच्या पठारावर विमानतळ झाल्यापासून पेडणे तालुक्यात फाटकांची संख्या वाढली होती, आणि गावाच्या मते त्याच प्रमाणात आमची गरजही.

येथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करून ठेवतो. फाटक राखण्याचे काम मी हलके मानत नाही. ते नीट करायला नजर लागते आणि उन्हात उभे राहण्याचा कंटाळा जिंकावा लागतो. माझी हरकत कामाला नव्हती. मी कोण आहे हे न विचारता माझी जागा ठरवून टाकण्याला होती.

सैन्यात मी हवालदार होतो, आणि सेवेची शेवटची बरीच वर्षे नव्या भरतीच्या जवानांना नकाशावाचन शिकवीत होतो. वडील पेडण्याच्या मराठी शाळेत प्राथमिक शिक्षक होते, त्यामुळे खडू हातात आला तेव्हा तो परका वाटला नाही. नकाशा कसा शिकवावा याचा एक क्रम असतो. आधी नकाशाची उत्तर दिशा आणि जमिनीची उत्तर दिशा जुळवायची, मग आपण स्वतः कुठे उभे आहोत ते शोधायचे, आणि त्यानंतरच कुठे जायचे त्याकडे बोट न्यायचे. नवा जवान नेहमी शेवटापासून सुरुवात करतो. गावातले लोकही माझ्या बाबतीत तेच करीत होते.

माझा चुलतभाऊ एका सुरक्षा एजन्सीत पर्यवेक्षक आहे. मी घरी आल्यावर थोड्याच दिवसांत तो सकाळी चहाला आला. पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, नुकताच कोंड्याच्या पावाच्या पोळ्या टाकून गेला होता. भावाने पोळी मोडली, चहात बुडवली आणि माझ्याकडे न पाहताच सांगून टाकले.

"जागा मी धरून ठेवलंय. मोपार. सावलीत उभं रवाचं काम."

"मी अर्ज केलाय," मी म्हणालो.

"खंय?"

"मॅनेजमेंटच्या शाळेत. एका वर्षाचा अभ्यासक्रम आहे. कारखान्याचं उत्पादन कसं चालवायचं ते शिकवतात."

त्याने उरलेली पोळी बशीत ठेवली. मग माझ्या पत्नीकडे वळून म्हणाला, "वहिनी, ह्याका ऊन लागला दिसता."

पत्नी शिरगावची. तिच्या माहेरी कुणाला उत्तर देण्याआधी घाबरण्याची रीत नाही. "भाऊजी, ऊन लागेल म्हणून तुम्ही त्यांना सावलीतली जागा दिलीत ना," ती म्हणाली. "मग आता वर्गातही सावलीच असते."

"थंय मास्तर ह्याच्यापेक्षा ल्हान आसतले. पोरां हसतली."

"हसू देत," मी म्हणालो.

तो उठला. जाता जाता पायरीवरून म्हणाला की पहिली सहामाही संपेपर्यंत तो ती जागा कशीतरी राखून ठेवील, त्यापुढे नाही. त्याच्या मनात दुष्टपणा नव्हता. मी नापास होणार याची त्याला खात्री होती, आणि त्या दिवशी मला उपाशी राहावे लागू नये इतकीच त्याची इच्छा होती. अशा प्रेमाला नाही म्हणणे शत्रूला नाही म्हणण्यापेक्षा कठीण जाते.

पहिली सहामाही का महत्त्वाची, हे सांगायला हवे. त्या संस्थेत पहिले सहा महिने सर्वांना एकच अभ्यास असे. त्यात ज्याचे गुण पुरेसे होतील त्याला पुढे उत्पादन व्यवस्थापनाची शाखा मिळे. ज्याचे होणार नाहीत त्याच्या हातात एक छोटे प्रमाणपत्र देऊन त्याला सन्मानाने घरी पाठवीत. ते प्रमाणपत्र घेऊन मी कुठे जाणार, हे भावाने आधीच ठरवून ठेवले होते.

वर्गात माझ्या वयाचा माणूस दुसरा नव्हता. मुलेमुली फोंडा, म्हापसा, डिचोली अशा ठिकाणची, बहुतेकांनी अजून एकही नोकरी न केलेली. शिकवणाऱ्या प्राध्यापक वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या होत्या. वर्ग इंग्रजीत चाले, ते मला जड गेले नाही, कारण सैन्याच्या पुस्तिका वाचून वाचून माझे इंग्रजी कोरडे पण पक्के झाले होते. जड गेले ते वेगळेच.

सैन्यात धडा संपला की शिकवणारा विचारतो, "कोई शक?" आणि सगळा वर्ग एका आवाजात उत्तर देतो, "नहीं, उस्ताद." हे उत्तर खरे असतेच असे नाही. कुणाला कळले नाही ते संध्याकाळी मैदानावर आपोआप दिसते. जो चुकीच्या टेकडीवर पोहोचतो त्याला शंका होती, एवढे समजायचे. पण धड्याच्या शेवटी शंका काढणे म्हणजे इतरांची विश्रांती खाणे, म्हणून कुणी ती काढत नाही. मी हे उत्तर आधी द्यायला शिकलो, नंतर घ्यायला शिकलो, आणि इतक्या वर्षांत ते माझ्या हाडांत गेले होते.

पहिल्याच आठवड्यात मॅडमनी एका कंपनीच्या अडचणीचे प्रकरण समजावून सांगितले आणि शेवटी सहज विचारले, "कुणाला काही शंका?"

मी उभा राहिलो. टाचा जुळल्या, हात शिवणीला लागले, आणि पूर्ण आवाजात, एकट्याने, मी उत्तर दिले, "नाही, मॅडम."

वर्ग हसला. त्यांच्या जागी मीही हसलो असतो. फोंड्याचा एक मुलगा माझ्या मागच्या बाकावर बसे, तोंडाने तिखट आणि बुद्धीने चलाख. त्या दिवसापासून तो मला कॅन्टीनमध्ये, जिन्यात, मोटारसायकलींच्या रांगेत, कुठेही भेटला की गंभीर चेहऱ्याने विचारी, "सुभेदार, कोई शक?"

"हवालदार," मी दुरुस्त करी. "सुभेदाराचा हुद्दा मी कमावलेला नाही."

"फुकट मिळतोय तर घ्या ना, काका."

"न कमावलेलं घेत नाही."

हसण्याचे मला काही वाटत नव्हते. घात दुसऱ्याच गोष्टीने होत होता. मॅडमच्या विषयात निम्मे गुण लेखी परीक्षेला होते आणि निम्मे वर्गात बोलण्याला. बोलणे म्हणजे शंका काढणे, विरोध करणे, दुसऱ्याच्या म्हणण्यात भोक पाडणे. मुले ते सहज करीत, कधी प्रकरण न वाचताही. मी प्रत्येक प्रकरण दोनदा वाचून, समासात टिपा काढून येई आणि गप्प बसे. कुणीतरी मला थेट विचारावे म्हणजे मी थेट उत्तर देईन, अशी वाट पाहत बसे. तिथे कुणी विचारत नसते. बोलायचे ते मध्ये घुसून.

सहामाही संपत आली तेव्हा मॅडमनी मला बोलावून घेतले. लेखी गुण त्यांनी समोर ठेवले. ते वर्गात वरचे होते. "पण दुसऱ्या रकान्यात मी काय लिहू?" त्या म्हणाल्या. "तुम्ही एकदाच बोललात आणि तेव्हा 'नाही, मॅडम' म्हणालात."

"विचारल्याशिवाय बोलायची सवय नाही, मॅडम."

"कारखान्यात तुम्हाला कोण विचारणार आहे?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "वरचा माणूस चुकतोय हे दिसत असताना जो गप्प बसतो त्याच्या हाती मी उत्पादन कसं देऊ? एक वर्ग उरलाय. त्यात पाहू."

मी घरी आलो. पत्नीला सगळे सांगितले. तिने भांडी घासता घासता ऐकले आणि म्हणाली, "माझ्याशी वाद घालताना तर तुम्हाला कुणी विचारावं लागत नाही."

उरलेल्या वर्गाची तयारी म्हणून आम्हाला डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नेले. तिथे पुठ्ठ्याची खोकी बनत. कामगार बहुतेक कोल्हापूर आणि बेळगाव जिल्ह्यांतले, काही आसपासच्या गावांतले. अडचण अशी होती की वर्षातून काही वेळा कामगार न सांगता निघून जात आणि यंत्रे थांबत. मुले यंत्रांचे फोटो काढत होती. मी चहाच्या टपरीवर कामगारांशी बोलत उभा राहिलो. सैन्यात निम्मी पलटण त्याच भागातली, त्यामुळे बोलायला वेळ लागला नाही.

"गावची यात्रा असते," चंदगडकडचा एकजण म्हणाला. "न जाऊन कसं चालंल?"

"सांगून का जात नाही?"

"सांगितलं की 'बघू' म्हणत्यात. बघू म्हंजे न्हाई. मग न सांगता जायचं, आणि परत आल्यावर बोलणी खायची. म्हणून मग चार दिवस जास्तच ऱ्हायचं. बोलणी तेवढीच."

दुसरा हसला. "आम्ही पाव्हण्यांकडंबी जाऊन येतो मग."

कार्यालयाच्या भिंतीवर सुट्ट्यांचा तक्ता होता. त्यात सरकारी सुट्ट्या होत्या, कंपनीचा वर्धापनदिन होता. त्या माणसांच्या एकाही गावाची यात्रा त्यात नव्हती. मी घरी येऊन हे सांगितले तेव्हा पत्नीला नवल वाटले ते कामगारांचे नव्हे. "लईराई देवीच्या जत्रेला शिरगावचा माणूस घरी नाही, असं कधी होईल का?" ती म्हणाली. "हे व्यवस्थापकांना ठाऊक नाही? मग त्यांना ठाऊक आहे तरी काय?"

वर्गात पाहुणे म्हणून त्याच कारखान्याचे व्यवस्थापक आले. उंच, नेटके, परराज्यातले गृहस्थ. वर्षाअखेर नोकरीसाठी मुले निवडायला तेच येणार, हे सर्वांना माहीत होते. वर्गातल्या मुलांनी पहिल्यांदाच टाय बांधले होते, म्हणजे खरे तर मी बांधून दिले होते. फोंड्याच्या मुलाचा टायही माझ्याच हातचा होता.

पाहुण्यांनी अडचण मांडली. त्यांच्या मते तिचे मूळ एकच होते, बेशिस्त. त्यांनी उपाय विचारले. कुणी म्हणाले, हजेरीचे यंत्र बसवा. कुणी म्हणाले, हजेरीचा बोनस कापा. फोंड्याच्या मुलाने एक ॲप सुचवले, त्याचा आराखडा पडद्यावर दाखवला, आणि पाहुण्यांनी मान डोलावून त्याचे नाव विचारून घेतले. मग लॅपटॉप मिटता मिटता त्यांनी विचारले, "कुणाला काही शंका?"

कुणालाही नव्हती. माझ्या शरीरालाही नव्हती, ते ठरलेल्या उत्तरासाठी आधीच ताठ होऊ लागले होते. मी उभा राहिलो. टाचा जुळल्या. मागच्या बाकावरून हसण्याची तयारी ऐकू आली.

"शंका आहे, सर."

मॅडमनी मान वर केली.

"माणसं न सांगता जातात, असं तुम्ही म्हणालात. त्यांनी सांगितलं असतं तर रजा मिळाली असती का?"

"गरज पाहून आम्ही विचार करतो."

"कोणाची गरज, सर?"

वर्गात कुणीतरी खोकले. पाहुणे हसून म्हणाले, "तुम्ही सैन्यातले, असं ऐकलं. तिथं तुम्ही हुकूम देता. इथं माणसं हुकमानं राहत नाहीत."

"सैन्यातही राहत नाहीत, सर. हुकमानं माणूस चौकीवर उभा राहतो. रजेवर गेलेला माणूस परत येतो तो हुकमानं नाही."

"मग कशानं?"

"पुढची रजाही मिळणार हे त्याला माहीत असतं, म्हणून."

आणि मग मी बोललो. सैन्यात वर्ष सुरू होण्याआधी तुकडीतला वरिष्ठ हवालदार प्रत्येक जवानापाशी जाऊन त्याला कधी घरी जायचे आहे ते कसे विचारतो, हे सांगितले. कुणाला गावची यात्रा हवी असते, कुणाला पेरणी, कुणाला बहिणीचे लग्न. सगळ्यांना सगळे मिळत नाही. पण दोघांना एकच आठवडा हवा असेल तर ते दोघे आपसात तोडगा काढतात, आणि तो तोडगा वरून लादलेल्या हुकमापेक्षा जास्त टिकतो. तक्ता लागला की तो पाळला जातो, दोन्ही बाजूंनी. जत्रेची तिथी अचानक उगवत नाही, ती पंचांगात असते, आणि जी गोष्ट पंचांगात आहे तिच्यामुळे दरवर्षी यंत्रे थांबत असतील तर त्याला कामगारांची बेशिस्त म्हणता येणार नाही. ते नियोजनाचे अपयश आहे. हा शेवटचा भाग मी हवा त्याहून मोठ्या आवाजात बोललो असेन. मैदानाची सवय.

पाहुणे माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी सगळे ऐकून घेतले. पण त्यांनाही माझी जागा ठाऊक होती. "असा माणूस मला हवाच आहे," ते मोकळेपणाने म्हणाले. "आमचे सुरक्षा अधिकारी सोडून चाललेत. तुम्ही या. तुमच्या आवाजानंच कामगार वेळेवर येतील."

मुले हसली. तो सन्मानच होता, देणाऱ्याच्या मनात. माझ्या कानात मात्र चहात पोळी बुडवणारा भाऊ बोलत होता.

"नाही, सर."

"का? हे काम तुम्हाला उत्तम येईल."

"येईल म्हणूनच नको. जे येतं ते करायला मला इथं बसायची गरज नव्हती. उत्पादन नियोजनात जागा असेल तर मला जरूर बोलवा, मी मुलाखत देईन. फाटकावर मी उभा राहणार नाही."

यानंतर मी बसलो. मॅडमनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिले. काय लिहिले ते मी कधी विचारले नाही. शाखा मिळाली, एवढे पुरे.

बाहेर जिन्यात फोंड्याचा मुलगा आडवा आला. टाय त्याने सोडून खिशात कोंबला होता. "माझ्या ॲपाची वाट लावलीत तुम्ही, काका."

"तुझं ॲप चांगलं आहे. त्यात रजेचा तक्ता घाल."

त्याच्या डोळ्यांत नवी खोडी आलेली मला दिसली. पण तो म्हणाला इतकेच, "चला, हवालदार. चहा मी देतो."

भावाला मी त्याच संध्याकाळी कळवले की जागा आता दुसऱ्या कुणाला द्यावी. तो गणेशचतुर्थीपर्यंत माझ्याशी बोलला नाही. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावरची फळापानांची माटोळी बांधताना मात्र त्याला माझ्या उंचीची गरज पडली, आणि बोलणे सुरू झाले.

वर्ष संपल्यावर मला खोक्यांच्या त्या कारखान्यातून मुलाखतीचे बोलावणे आले. मी इस्त्रीचा शर्ट घालून, बूट चमकवून वेळेआधी पोहोचलो. फाटकावरच्या माणसाने मला वरपासून खालपर्यंत पाहिले. तो माझ्याहून मोठा, सावंतवाडीकडचा, आणि त्याच्या उभे राहण्यावरूनच मला कळले की तोही आमच्यातलाच. त्यालाही माझ्या बुटांवरून कळले असावे.

"सिक्युरिटीची मुलाखत मागच्या बाजूक," तो म्हणाला.

"मला पुढल्या दारानं जायचंय. उत्पादन विभागात."

"तू?" तो म्हणाला. मग परत एकदा बुटांकडे पाहून म्हणाला, "बरां. जा. पण बॅग दाखव."

मी बॅग दाखवली. त्याचे काम तो नीट करीत होता.

आत व्यवस्थापकांनी उठून हात मिळवला नाही, पण बसायला सांगितले. त्यांनी नियोजनाबद्दल बरेच खोदून विचारले आणि शेवटी अट घातली. रजेचा तुमचा तक्ता एक वर्ष लावून पाहू. यंत्रे पूर्वीइतकीच थांबली तर तुमची नोकरी संपली. मी म्हणालो की अट मान्य आहे, आणि मला एक शंका आहे. त्यांनी दीर्घ श्वास घेतला. तक्त्यात फाटकावरची माणसे धरायची की नाही, असे मी विचारले. ती एजन्सीची माणसे आहेत, ते म्हणाले, त्यांचा प्रश्न नाही. मी म्हणालो, ती नसली तर फाटक उघडणार नाही, म्हणून प्रश्न आपलाच आहे. "धरा," ते म्हणाले.

कामावर रुजू झालो त्या सकाळी मी वही आणि पेन्सिल घेऊन सुरुवात केली ती फाटकापासूनच.

"तुझ्या गावची जत्रा कधी?" मी सावंतवाडीच्या त्या माणसाला विचारले.

त्याने संशयाने पाहिले. "कित्याक?"

"रजा लिहून ठेवायची आहे."

"आमका रजा?" त्याला ते खरे वाटेना. इतक्या वर्षांत त्याला हे कुणी विचारले नसावे. त्याने तिथी सांगितली, मी लिहून घेतली, दोनदा वाचून दाखवली. मग त्याच्या चेहऱ्यावर चिंता आली, आणि ती खऱ्या शिपायाची होती. "पण तो आठवडाभर हंय फाटकार कोण उभो रवतलो? तू?"

"माणूस मी शोधून देईन," मी म्हणालो. "मी नाही."